वैऱ्यावर प्रीती करा म्हणे, पण तो सख्खा भाऊ असेल तर?

कुळागर (धागाकर्ता)

मंडळी, सध्या ख्रिस्ती मित्रांचा कोरेज्म चालू आहे, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस. त्यावरून एक प्रश्न डोक्यात घोळतोय.

माझ्या कचेरीत दक्षिण गोव्यातल्या साष्टीतला एक ख्रिस्ती सहकारी आहे. वडील गेल्यावर घर आणि भाटांच्या, म्हणजे माडांच्या बागांच्या, वाटणीसाठी इन्व्हेंटरी लागली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड चालत आला. त्यात मुलांचा हक्काचा अर्धा हिस्सा मृत्युपत्र करूनही काढून घेता येत नाही, आणि वाटणीच्या कामाला कोर्टात इन्व्हेंटरी म्हणतात. २०१२ च्या कायद्यानं तिची नवी घडी बसवली, पण एका पिढीत निकाल लागला तर नशीब म्हणायचं, हे जुनंच.

तर धाकट्या भावानं मालमत्तेच्या यादीतून नदीकाठचं भाट गाळलं, आईचं सोनं गाळलं आणि वर गावभर सांगत सुटला की थोरल्यानं आईला पाहिलं नाही. आई शेवटपर्यंत होती थोरल्याकडेच.

हा थोरला, म्हणजे माझा सहकारी, रोज सकाळी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जातो आणि त्या भावासाठी प्रार्थना करतो. मी विचारलं, काय मागतोस, केस हरू दे म्हणून? तर म्हणाला, नाही रे, त्याच्या मुलीला नर्सिंगला ॲडमिशन मिळू दे म्हणून. आणि त्याच दुपारी माझ्यासमोर वकिलाला फोन: सोन्याच्या मुद्द्यावर अजिबात सोडायचं नाही.

मला हे झेपत नाही. माफ करायचं तर करून टाका, भांडायचं तर भांडा. दोन्ही एकदम म्हणजे ढोंगच नाही का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खाजें_आनी_चणे

पहिला नंबर! फेस्तातलं खाजें घेऊन बसलोय, चालू द्या.

सडेतोड

ढोंगच. आणि आजचं नाही, चारशे वर्षांचं आहे. ज्यांनी जगाला 'वैऱ्यांवर प्रीती करा' शिकवलं त्यांनीच १५६० मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणलं आणि ते १८१२ पर्यंत टिकलं. मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली ती काय हवापालट म्हणून? कुंकळ्ळीच्या नायकांचं काय झालं तेही सांगा कोणीतरी. १५८३ च्या जुलैत गावकऱ्यांनी पाच जेझुइट धर्मप्रचारक मारले, त्याचा बदला म्हणून नायकांना बोलणी करायला आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथेच कापलं. बोलणी करायला! मारल्या गेलेल्या त्या पाचांना चर्चनं १८९३ मध्ये धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केलं. नायकांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला त्यानंतर कितीतरी काळ जावा लागला.

आपला सरळ हिशोब आहे, जशास तसे.

खाजें_आनी_चणे

आला इतिहास. मला वाटलंच होतं, तिसऱ्या प्रतिसादापर्यंत येणार.

मास्तर_निवृत्त

सडेतोड, तुम्ही सांगितलेल्या घटना खऱ्या आहेत, त्यांवर वाद नाही. पण कुळागरांनी विचारलंय वेगळं. आधी ते वाक्य कुठल्या संदर्भात आलंय ते पाहू.

बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात ते येतं: 'वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा.' त्याच्या आधी येशू म्हणतो, शेजाऱ्यावर प्रीती कर आणि वैऱ्याचा द्वेष कर, असं सांगितलेलं तुम्ही ऐकलंय. गंमत अशी की यातला पहिला अर्धा भाग जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात सापडतो, दुसरा तिथे नाही. शेजारी म्हटला की त्याला वैरीही जोडून घ्यायचा, ही लोकांनी घातलेली भर. उलट त्याच जुन्या करारातल्या निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की वैऱ्याचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर त्याला नेऊन दे, आणि तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर हात लाव. म्हणजे वैऱ्याशी कसं वागावं हा विचार येशूच्या आधीपासून त्याच परंपरेत होता. त्यानं तो ताणून टोकाला नेला.

आता गाल पुढे करण्याचं. 'उजव्या गालावर' मारलं तर, असा शब्द आहे. उजव्या हाताचा माणूस समोरच्याच्या उजव्या गालावर मारतो तेव्हा पंजाची मागची बाजू लागते. तशी थप्पड मालक नोकराला मारतो, बरोबरीच्याला नाही. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की दुसरा गाल पुढे करणं म्हणजे 'मारायचंच तर बरोबरीचा समजून मार' असं सुनावणं. हा अर्थ सगळे मानत नाहीत, पण मला वजनदार वाटतो. 'एक मैल नेलं तर दोन मैल जा' हेही तसंच. रोमन शिपाई रस्त्यात कोणालाही धरून ओझं वाहायला लावी, आपल्याकडच्या वेठीसारखंच.

आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती जागा योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे. महायाजकासमोर चौकशी चालू असताना शिपाई येशूला चपराक मारतो. तेव्हा तो दुसरा गाल पुढे करत नाही. विचारतो, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? कुळागर, तुमच्या सहकाऱ्याचा वकील हेच विचारतोय की नाही?

कुळागर

मास्तर, हे योहानाचं माहीत नव्हतं. पण शिपायाला जाब विचारणं वेगळं आणि भावाच्या मुलीसाठी प्रार्थना करणं वेगळं. दोन्ही एकाच पोटातून येतं कसं?

वसईची_सून

नमस्कार. मी मूळची वसईची, लग्न होऊन मडगावात आले. आमची प्रार्थना मराठीतच, त्यामुळे इथे लिहायला बरं वाटतं.

सडेतोडदादा, आधी तुमचं. तुम्ही लिहिलंत त्यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही. उलट थोडी भर घालते. इन्क्विझिशनच्या तावडीत मुख्यतः सापडले ते बाटलेले लोकच, घरात जुनी रीत पाळतात या संशयावरून. १७३६ च्या फर्मानात भात मिठाशिवाय शिजवू नये, दारात तुळस ठेवू नये असले नियम आहेत. म्हणजे माझ्या सासरच्याच खापरपणज्यांच्या चुलीत डोकावून पाहिलं गेलं. कोणी विचारलं की हे शुभवर्तमानात बसतं का, तर बसत नाही. १२ मार्च २००० ला, कोरेज्माच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये जाहीरपणे देवाकडे क्षमा मागितली, त्यात सत्याच्या नावाखाली चर्चच्या लोकांनी वापरलेल्या अशा मार्गांचाही उल्लेख होता. पुरेसं झालं का, ते तुम्ही ठरवा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे वाक्य बोलणारा स्वतः जिंकलेल्यांतला नव्हता. रोमन अमलाखालच्या गावातला सुतार, ऐकणारे करानं पिचलेले. काठी ज्याच्या हातात आहे त्यानं मार खाणाऱ्याला 'माझ्यावर प्रेम कर' सांगितलं की त्या वाक्याचा खूनच होतो. गोव्यात तो झाला.

आता कुळागरदादा, तुमचं. प्रीती म्हणजे माया दाटून येणं असं धरलं तर तुमचा सहकारी ढोंगी ठरेल. पण मत्तयमध्ये करायला काय सांगितलंय ते बघा: प्रार्थना करा. लूक आणखी सांगतो: भलं करा, आशीर्वाद द्या, उसनं द्या. सगळी हातापायांची आणि तोंडाची कामं. मनात काय वाटतंय हे विचारलेलंच नाही. भावाच्या मुलीला ॲडमिशन मिळावी ही त्या भावाच्या भल्याची गोष्ट आहे. आणि आईचं सोनं लपवून तो पचवू नये, हीसुद्धा त्याच्या भल्याचीच आहे. चोरी पचलेल्या माणसाचं काय भलं झालंय कधी?

सडेतोड

ताई, प्रामाणिक उत्तर दिलंत, आवडलं. पण 'त्याच्या भल्यासाठी' म्हणून खटला भरणं हे जरा जास्तच सोयीस्कर होतंय. उद्या मीही म्हणेन की शेजाऱ्याच्या भल्यासाठी त्याच्या कुंपणावर जेसीबी घातला.

वसईची_सून

घालून बघा, पंचायत तुमच्या भल्यासाठी नोटीस पाठवेल.

गंमत सोडा. ओळखायची खूण आहे माझ्याकडे. निकाल आपल्या बाजूनं लागल्यावर आनंद कशाचा होतो, भाट मिळाल्याचा की तो रडल्याचा? दुसरा असेल तर प्रार्थना अजून पोचलेली नाही.

रापणकार

मी पुस्तकी माणूस नव्हे. पण मास्तरांचं गाढवाचं वाचून लिहावंसं वाटलं.

३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी उठली की दर्यात ट्रॉलर आणि आमच्यासारखे किनाऱ्यावरचे यांचं भांडण ठरलेलं. एका ट्रॉलरवाल्यानं आमचं जाळं फाडलं होतं, बोलाचाली झाली, हात उचलायचा बाकी होता. मग एकदा वारा फिरलेला, आणि त्याचंच इंजिन खडकाजवळ बंद. आम्ही चौघं होतो. कोण काही बोललं नाही, दोरी टाकली. दोरी बांधताना शिव्या चालूच, दोन्ही बाजूंनी. ओढत आणलं. किनाऱ्याला लागल्यावर थोरल्या काकानं ओल्या कपड्यांनीच त्याच्याकडे जाळ्याचे पैसे मागितले. त्यानं अर्धे दिले. उरलेल्या अर्ध्यासाठी आजही भांडतोय.

याला प्रीती म्हणायचं तर म्हणा. दर्यात कोण अडकला तर तो कुठल्या जेटीचा हे कोण विचारत नाही, एवढंच मला ठाऊक.

मास्तर_निवृत्त

रापणकार, निर्गमच्या तेविसाव्या अध्यायावर याहून चांगलं भाष्य मी वाचलेलं नाही. दोरी टाकलीत आणि पैसेही मागितलेत. कुळागर, तुमच्या 'एकाच पोटातून येतं कसं' या प्रश्नाचं उत्तर त्या ओल्या कपड्यांतल्या काकांनी देऊन टाकलं.

खाजें_आनी_चणे

शिव्या देत वाचवणं हा खास गोंयकारपणा. पेटंट घ्या.

लिहीन_म्हणते

बराच वेळ वाचत होते. सगळं छान चाललंय, पण मला एक गोष्ट टोचते.

आमच्या ओळखीतली एक बाई. नवरा पिऊन मारायचा. माहेरी आली की मोठी माणसं सांगायची, क्षमा कर, देव बघतो, प्रेमानं जिंक त्याला. ती ख्रिस्ती आहे म्हणून नाही सांगत, आमच्या हिंदू घरांतही 'पदरी पडलं पवित्र झालं' हेच ऐकवतात. ती परत जायची आणि पुढच्या वेळी जास्त मार खायची. 'वैऱ्यावर प्रीती' हे वाक्य अशा घरात किती हाडं मोडतं याचा हिशोब कोणी ठेवलाय? रापणकारांच्या होडीत चौघं होते, ही एकटी होती.

वसईची_सून

ताई, तुम्ही नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत.

मारणाऱ्याचं भलं कशात आहे? त्याचा हात थांबण्यात. बायको परत गेली की तो हात थांबत नाही, त्याला सराव होतो. म्हणून तिनं दार लावून घेणं, २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मागणं, हे प्रीतीच्या आड येत नाही. क्षमा करणं म्हणजे पुन्हा त्याच छपराखाली राहायला जाणं, असं कुठेही लिहिलेलं नाही. येशूला नासरेथच्या लोकांनी कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा तो त्यांच्यातून वाट काढून निघून गेला, लूकच्या चौथ्या अध्यायात आहे. थांबून गाल पुढे केला नाही.

आणि तिला 'क्षमा कर' सांगायचा अधिकार कोणालाच नाही, पाद्रीला नाही, सासूला नाही. ती जेव्हा आणि जर करील, तेव्हा ती तिची.

लिहीन_म्हणते

'जर' लिहिलंत, त्याबद्दल आभारी आहे.

झुआरीपलीकडचा

आमच्या सांकवाळचं नाव अजून कसं नाही आलं? संत जुझे वाझ. जन्म १६५१ चा, बाणावलीचा, घर सांकवाळचं. सिलोनच्या किनारपट्टीवर तेव्हा डचांचा अंमल, कॅथलिक पाद्रींना बंदी. हा १६८७ मध्ये वेष पालटून तिथे शिरला. पुढे कँडीला पोचला तर राजानं पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकलं. मग १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले, घरच्यांनी आजाऱ्यांना रानात टाकलं, आणि हा मात्र ज्या शहरानं त्याला कैदेत ठेवलं तिथल्याच बौद्ध, ख्रिस्ती सगळ्यांच्या फोडी धूत बसला. १७११ मध्ये तिथेच वारला. १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केलं.

कोकणी माणूस होता, जातीनं आणि हाडानं आपलाच. त्याचं नाव काढायला आपल्याला रोमन पोशाखातला पुतळा कशाला लागतो?

सडेतोड

जुझे वाझबद्दल आदर आहे, खरंच. पण संतांची उदाहरणं देऊन सामान्य माणसाचा प्रश्न सुटत नाही. संताला इन्व्हेंटरी नसते.

बरं, आपल्याकडे हा वाद आधीच होऊन गेलाय. १९२० च्या जानेवारीत टिळकांनी गांधींच्या 'यंग इंडिया'ला लिहिलं की राजकारण हा साधूंचा खेळ नाही, आणि आपल्याला बुद्धाच्या 'अक्रोधानं क्रोध जिंका'पेक्षा गीतेतलं 'ये यथा मां प्रपद्यन्ते', म्हणजे जो जसा येतो त्याला तसंच उत्तर, जास्त जवळचं वाटतं. मी टिळकांच्या पार्टीत.

मास्तर_निवृत्त

आणि गांधींनी 'शठं प्रति शाठ्यम्' (लबाडाशी लबाडी)च्या जागी 'शठं प्रत्यपि सत्यम्' (लबाडाशीही सत्य) असं उत्तर दिलं होतं, तेही नमूद करा की!

पण टिळकांच्या बाजूनं एक बोलतो. त्यांचा मुद्दा राज्य चालवण्याचा होता. राज्याला, कोर्टाला, पोलिसाला गाल पुढे करता येत नाही, कारण तो गाल दुसऱ्याचा असतो. पौलाच्या रोमकरांच्या पत्रात बाराव्या अध्यायात 'वैरी भुकेला असेल तर खायला घाल' आहे आणि लगेच तेराव्यात अधिकाऱ्यानं तलवार उगाच बाळगलेली नाही, असंही आहे. दोन्ही एकाच माणसानं, एकाच पत्रात लिहिलंय.

वसईची_सून

आमच्या वसईचं उदाहरण सडेतोडदादांना आवडेल. १७३९ मध्ये चिमाजीआप्पांनी किल्ला घेतला. त्या वेढ्यात मराठ्यांची किती माणसं पडली ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. तरी शरण आलेल्या पोर्तुगीज फौजेला सन्मानानं बाहेर पडू दिलं आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मोकळीक तहात दिली. चिमाजीआप्पा काही बायबल वाचून आले नव्हते. पण त्यांनी 'जशास तसे' केलं असतं तर मी इथे मराठीत लिहायला नसते.

सडेतोड

हा मुद्दा बिनतोड आहे. चिमाजीआप्पांपुढे माझं काही चालत नाही.

कुळागर

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला. आता एक शंका. अशी प्रीती करून समोरचा बदलतो का? माझ्या सहकाऱ्याचा भाऊ तर ढिम्म आहे.

वसईची_सून

कधी बदलतो. सिस्टर राणी मारियांना १९९५ मध्ये मध्य प्रदेशात बसमधून ओढून भोसकून मारलं, कारण त्या गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला मदत करत होत्या. मारेकरी इंदूरच्या तुरुंगात असताना २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्याही सिस्टर, आत जाऊन त्याला राखी बांधली. तो माणूस बदलला, २००६ मध्ये सुटला, पुढे त्यांच्या समाधीवर जात राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरला राणी मारिया धन्यवादित झाल्या.

आणि कधी नाही बदलत. मत्तयमध्ये कारण म्हणून 'वैरी सुधारेल' असं दिलेलंच नाही. देव आपला सूर्य वाइटांवरही उगवतो आणि पाऊस अनीतिमानांवरही पाडतो, तुम्ही तसे व्हा, एवढंच कारण. फळाची हमी नाही.

झुआरीपलीकडचा

कुंकळ्ळीला फाल्गुनात बारा वांगडांच्या, म्हणजे मूळ कुळांच्या, छत्र्या फातर्प्याहून नाचत येतात ना, त्यात ख्रिस्ती गावकरही असतात. पूर्वज कुठल्या बाजूला होते ते त्या दिवशी कोणी विचारत बसत नाही. आता हे प्रीतीनं की गुलालाच्या नादानं, देव जाणे.

लिहीन_म्हणते

शेवटचं विचारते. माफ केलं तर ते त्या माणसाला सांगायचं का?

वसईची_सून

माझा सल्ला, त्यानं विचारल्याशिवाय नको. 'मी तुला माफ केलंय' हे न मागता ऐकवण्यासारखी दुसरी शिवी नाही. तो म्हणेल, मी काय केलं? आणि भांडण नव्यानं सुरू. लूकच्या सतराव्या अध्यायात क्रम दिलाय, त्यानं अपराध केला तर आधी दटाव, मग पस्तावला तर क्षमा कर. आपल्यापुरतं सोडून देणं आजच करता येतं. त्याच्यापर्यंत पोचवायचं ते त्यानं दार वाजवल्यावर.

सडेतोड

हे मात्र पटलं. माझ्या शेजाऱ्याला दटावण्याचा टप्पा मी पूर्ण निष्ठेनं पाळतोय, त्याच्या पस्ताव्याची वाट बघतोय.

खाजें_आनी_चणे

सडेतोड, जेसीबी परत पाठवला का ते आधी सांगा.